थोरामोठ्यांच्या पाळण्यातील नवलाची नावे

हळ्ळीखेड (बी) : गेल्या श्रावणात आमच्या ओळखीच्या एका घरी बारशाला जाण्याचा योग आला. पाळणा फुलांनी सजला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, गल्लीतील बायाबापड्या जमल्या होत्या. आत्याबाईंनी बाळाच्या कानाशी तोंड नेले, ‘कुर्रर्र’ झाले, आत्याबाईंच्या पाठीवर रिवाजाप्रमाणे थापा पडल्या आणि नाव जाहीर झाले. तीन अक्षरांचे, कानाला गोड, परंतु पूर्वी कोणी न ऐकलेले. कोपऱ्यात बसलेल्या पणजीबाईंनी दोनदा विचारले, ‘‘काय म्हनलाव? पुन्हा सांग की बाई.’’ तिसऱ्यांदा त्यांनी नाद सोडला. ‘‘असू दे. मी आपलं बाळ्याच म्हनते,’’ असे म्हणून त्या घुगऱ्यांकडे वळल्या.

आम्ही बाळाच्या वडिलांना नावाचा अर्थ विचारला. ते हसून म्हणाले, ‘‘अर्थ अजून बघितला नाही. पण अमक्या नटाने आपल्या मुलाचं असंच काहीतरी ठेवलंय.’’

नाव येथे देत नाही, कारण पोराचा त्यात काही अपराध नाही. परंतु बारशाहून परतताना एक प्रश्न मनात घोळत राहिला. नट, नट्या, खेळाडू, पुढारी ही मंडळी आपल्या लेकरांना अशी जगावेगळी नावे का ठेवतात? आणि त्यांचे पाहून आपण ठेवू लागलो, तर त्याचा आपल्या भाषेशी काही संबंध येतो की नाही?

गावच्या नावाचीच नवलाई

नावाचा प्रश्न आम्ही हळ्ळीखेडकरांनी विचारावा, यात एक गंमत आहे. आमच्या गावाचे नावच मुळी जगावेगळे आहे. कानडीत ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. मराठीत ‘खेड’ म्हणजेही खेडेच. दोन्ही जोडून झाले ‘खेडेखेडे’! जणू एका शेजाऱ्याने गावाचे नाव सांगितले, दुसऱ्याने आपल्या भाषेत त्याचा अर्थ सांगितला आणि लिहिणाऱ्याने दोन्ही टिपून घेतले. पुढे महसुली दप्तरात थोरल्या व धाकट्या गावांसाठी ‘बुजुर्ग’ व ‘खुर्द’ हे फारसी शब्द लागले. महाराष्ट्रात त्यांचे ‘बु.’ आणि ‘खु.’ झाले; आमच्याकडे इंग्रजी आद्याक्षरे घेऊन ‘बी’ आणि ‘के’ झाले. म्हणजे कानडी, मराठी, फारसी आणि इंग्रजी अशा चार भाषा एका पाटीवर नांदत आहेत. अशा गावच्या माणसाने दुसऱ्याच्या नावाला विचित्र म्हणताना थोडे थांबावेच.

आजीची युक्ती

जगावेगळी नावे हा सिनेमावाल्यांनी लावलेला शोध नव्हे. आमच्या आज्यापणज्यांच्या काळात ज्या घरी मुले जगत नसत, त्या घरी पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू, भिकू, केरू, क्वचित उकिरडा असेही ठेवीत. नाव ऐकून दृष्ट लावणाऱ्याने तोंड फिरवावे, आणि यमानेही ‘हा तर दगड, याला काय न्यायचे’ म्हणून पुढे जावे, ही त्यामागची भाबडी युक्ती. कानडी घरातही तीच चाल. ‘तिप्पे’ म्हणजे उकिरडा, त्यावरून तिप्पण्णा. ‘कल्लु’ म्हणजे दगड, आणि त्या अर्थाचा कल्लप्पा आमच्या दगडूचा सख्खा भाऊ. भाषा दोन, परंतु आईच्या पोटातली भीती एकच.

दुसरी चाल नवसाची. आमच्या जिल्ह्यात खानापूरचा मैलार आहे. मराठी माणूस त्याला खंडोबा म्हणतो, कानडी माणूस मैलार मल्लण्णा म्हणतो. देव एक, पण त्याच्या नवसाने झालेली पोरे कुठे खंडेराव, कुठे मार्तंड, कुठे मल्लप्पा. हुमनाबादच्या वीरभद्रेश्वरामुळे वीरभद्रप्पा झाले, कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरामुळे शरणबसप्पा झाले. माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी (१८१७-१८६५) मराठी, कानडी आणि हिंदुस्तानी अशा भाषांत पदे रचली. त्यांच्या नावाने मराठी घरात माणिकराव आणि कानडी घरात माणिकप्पा वाढले. तिकडे पुण्यात माणिक हे बाईचे नाव. गायिका माणिक वर्मा (१९२६-१९९६) यांचे नाव रेडिओवर ऐकून आमच्याकडील काही जुनी माणसे पुरुषाचा आवाज येण्याची वाट पाहत बसत!

पिराच्या नवसाचे फकीरप्पा तर आजही भेटतात. ‘फकीर’ अरबी आणि ‘अप्पा’ कानडी. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मालोजीराजे भोसले यांनी आपल्या दोन पुत्रांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, ती नगरच्या शहा शरीफ पिराच्या नवसाची, असे परंपरा सांगते. थोरामोठ्यांच्या घरातील जगावेगळ्या नावांचे आपल्या इतिहासातील याहून ठळक उदाहरण दुसरे कोणते?

गावसकरांचा रोहन

आता ज्याला आपण ‘सेलिब्रिटी’ म्हणतो त्यांच्याकडे येऊ. मराठी माणसांत अशा नावाचा पहिला मोठा बोलबाला झाला तो सुनील गावसकरांच्या मुलाचा. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ वेस्ट इंडिजला गेला. कोवळ्या गावसकरांनी त्या पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले रोहन जयविश्व गावसकर. यात तीन माणसे बसली आहेत. ‘रोहन’ म्हणजे वेस्ट इंडिजचे फलंदाज रोहन कन्हाय, ‘जय’ म्हणजे एम. एल. जयसिंहा आणि ‘विश्व’ म्हणजे गुंडप्पा विश्वनाथ. हे तिघेही १९७१ च्या त्या मालिकेत खेळले होते. कन्हाय तर प्रतिपक्षाकडून.

आमच्या भागातील वाचकाने हे नाव जरा थांबून वाचावे. जयसिंहा सिकंदराबादचे, म्हणजे आमच्या जुन्या हैदराबाद संस्थानच्या राजधानीलगतचे. त्यांच्या नावातील ‘एम.’ म्हणजे मोटगनहळ्ळी. बघा, तेथेही एक हळ्ळी आहेच! विश्वनाथ भद्रावतीचे, अस्सल कन्नडिग. पुढे ते गावसकरांचे मेहुणेही झाले. आणि कन्हाय हे तर गयानातील. मळ्यांवर मजुरी करण्यासाठी समुद्रापार नेलेल्या भारतीयांचे ते वंशज. ‘कन्हाई’ म्हणजे आपला कृष्णच; जहाजातून गेलेल्या माणसांनी घरदार मागे सोडले, पण नावे सोडली नाहीत. एका मराठी मुलाच्या नावात कर्नाटक, हैदराबाद आणि समुद्रापलीकडचा भारत असे तिन्ही आले. ही नवलाई मिरवण्यासाठी नव्हती, ती कृतज्ञतेची होती. आपल्याहून चांगले खेळणाऱ्याचे, आणि त्यातही प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या मुलाला द्यायला मन मोठे लागते.

खुद्द गावसकरांच्या जन्माची हकिगतही वाचकांना ठाऊक असेल. ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात त्यांनी ती सांगितली आहे. ते जन्मले त्या दिवशी एका काकांनी बाळाच्या डाव्या कानाजवळ बारीक छिद्र पाहून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा आले, तर पाळण्यातील बाळाच्या कानाजवळ छिद्र नाही! शोधाशोध झाली, आणि खरे बाळ एका कोळणीशेजारी झोपलेले सापडले. बाळाला अजून नाव नव्हते, म्हणून कानाची खूण पाहावी लागली. आपण बारशाला नाव कानातच सांगतो, हे तेव्हा किती योग्य आहे!

रोहन पुढे बंगालकडून रणजी खेळले आणि २००४ मध्ये भारताकडून ११ एकदिवसीय सामनेही खेळले. तीन महारथींचे ओझे घेऊन फलंदाजीला उतरणे सोपे नव्हे. परंतु ‘रोहन’ हे नाव मात्र महाराष्ट्रात घरोघर झाले. सचिनचेही तसेच. प्राध्यापक व कवी रमेश तेंडुलकर यांनी आपल्या धाकट्या मुलाला संगीतकार सचिनदेव बर्मन यांचे नाव दिले. त्रिपुराच्या राजघराण्यातील संगीतकाराचे नाव वांद्र्याच्या साहित्य सहवासातील एका पोराला मिळाले, आणि तेथून ते आमच्या भागातील शाळांच्या हजेरीपटावर आले. १९९० नंतरच्या त्या हजेरीपटांत एकाच वर्गातील दोघा सचिनना ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ म्हणावे लागे. बुजुर्ग आणि खुर्दच म्हणा ना!

रंगभूमी आणि गाण्यातील घरे

कलावंतांच्या घरी नाव बहुधा कलेतूनच येते. मास्टर दीनानाथांनी मंगेशी या गोव्यातील गावावरून ‘मंगेशकर’ हे आडनाव लावले. त्यांच्या थोरल्या मुलीचे पहिले नाव हेमा. राम गणेश गडकरी यांच्या ‘भावबंधन’ नाटकात लतिका नावाचे पात्र आहे. त्यावरून ती लता झाली. आज ‘लता’ हे नाव साधे वाटते, ते त्या गळ्यामुळे. आचार्य अत्र्यांनी आपल्या मुलीचे नाव शिरीष ठेवले. शिरीष हे एरवी मुलाचे नाव. पण फुलाच्या नावाला कसले आले पुल्लिंग आणि स्त्रीलिंग? शिरीष पै यांनी ते नाव कवितेत गाजवले आणि हायकू मराठीत रुजवला.

सीमाभागाला जवळचे उदाहरण कुमार गंधर्वांचे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेले हे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. नाव कानडी, गाणे हिंदुस्तानी, संसार देवासला, आणि लौकिक मराठीत. लहानपणीच मिळालेली ‘कुमार गंधर्व’ ही पदवी इतकी चिकटली की मूळ नाव लोक विसरले. त्यांच्या मुलाने मात्र वडिलांचे ते विसरलेले नाव उचलून ‘मुकुल शिवपुत्र’ असे नाव लावले. मुलीचे नाव कलापिनी, म्हणजे मोरणी. असे नाव ठेवायला संस्कृतचा कोशही लागतो आणि कानही लागतो. आणखी एक गोष्ट : ‘कोमकळी’तला ळ मराठीत आणि कानडीत जसाच्या तसा राहतो. हिंदीत गेला की त्याचे ‘कोमकली’ होते. आपल्या दोन्ही भाषांना ळ सारखाच प्यारा आहे, हे भांडताना आपण विसरतो.

आजचे तारे आणि त्यांची कारणे

आजकालची नावे पाहिली तर त्यांमागे चार-पाच कारणे दिसतात.

पहिले कारण, दोन घरांचा मेळ. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील बाभळगावचे देशमुख हे आमच्याकडेही घरचेच वाटतात. रितेश देशमुख यांनी जिनिलिया यांच्याशी विवाह केला. मुलांची नावे रियान (२०१४) आणि राहिल (२०१६). आई ख्रिस्ती घरातली, वडील मराठवाड्यातले. दोन्ही आजोळांना जिभेवर सहज यावीत अशी ही नावे. जिनिलिया हे नावही तिच्या आईवडिलांच्या नावांचे तुकडे जोडून केलेले असल्याचे छापून आलेले आहे. श्रीरामपूरचा झहीर खान आणि कागलच्या घराण्यातील सागरिका घाटगे यांनी २०२५ मध्ये मुलाचे नाव फतेहसिंह ठेवले. ‘फतेह’ अरबी, ‘सिंह’ संस्कृत. मालोजीराजांचीच परंपरा पुढे चालली म्हणायची.

दुसरे कारण, परदेश. माधुरी दीक्षित लग्नानंतर अमेरिकेत राहिल्या. मुले झाली २००३ आणि २००५ मध्ये, नावे अरिन आणि रायन. तेथील शिक्षकाला उच्चारता यावे आणि येथील आजीलाही हाक मारता यावी, अशी तडजोड परदेशातील मराठी घराघरांत चालते. ‘ज्ञानेश्वर’ नावाच्या मुलाची तेथे काय दशा होत असेल, ते त्यालाच माहीत!

तिसरे कारण, आपल्या भाषेचा शोध. राहुल द्रविड वाढले बंगळुरूत, खेळले कर्नाटकाकडून, आणि घरची भाषा मराठी. सीमाभागातल्या आपल्यासारखेच म्हणायचे. त्यांच्या मुलांची नावे समित आणि अन्वय. ‘अन्वय’ हा शब्द आम्ही शाळेत संस्कृतच्या तासाला घोकला : श्लोकातील विस्कटलेले शब्द अर्थाप्रमाणे सरळ लावणे म्हणजे अन्वय. त्याचे कोणी नाव ठेवील असे तेव्हा स्वप्नातही आले नव्हते. विराट कोहली व अनुष्का शर्मा यांनी मुलीचे नाव वामिका (२०२१) आणि मुलाचे अकाय (२०२४) ठेवले. तेही जुन्या पोतडीतूनच शोधून काढलेले.

चौथे कारण जरा बारीक आहे. ज्यांचे नाव सगळे जण उचलतात, त्यांना पुन्हा नवे नाव शोधावे लागते. तारा पुढे पळतो, लोक मागे धावतात. हार्वर्ड विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ स्टॅनले लिबरसन यांनी २००० मध्ये नावांच्या फॅशनवर एक ग्रंथच लिहिला. कपड्यांच्या फॅशनमागे दुकानदार असतो, जाहिरात असते. नाव कोणी विकत नाही, तरीही नावांची फॅशन बदलते, म्हणून फॅशन कशी चालते हे समजून घ्यायला नावांसारखे साधन नाही, असे त्यांचे म्हणणे. लोकांना अगदीच परके नाव नको असते. ओळखीच्या नावाला थोडी मुरड घातलेले हवे असते. आपल्याकडील ‘-आन’, ‘-अंश’, ‘-आयरा’ अशा शेवटांची नावे ऐकली की ते पटते.

पाचवे कारण आमच्या आजीच्या नेमके उलटे. आजी नवलाचे नाव ठेवी ते लोकांची नजर चुकावी म्हणून. तारे ठेवतात ते नजर खिळावी म्हणून. पण त्यातही खोच आहे. कोहली दांपत्याने मुलीचे नाव जाहीर केले, परंतु तिचे छायाचित्र काढू नका अशी छायाचित्रकारांना विनंती केली. नाव जगाला, चेहरा घरापुरता. दृष्टीची भीती गेली नाही. फक्त काजळाची जागा बदलली.

मुलाच्या अंगावरचे ओझे

परदेशात तर या हौसेला धरबंध नाही. अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाने १९६७ मध्ये मुलीचे नाव मून युनिट ठेवले आणि १९६९ मध्ये मुलाचे ड्वीझिल. मुलाचे नाव इस्पितळाने लिहून घेण्यास नकार दिला, तेव्हा दाखल्यावर भलतीच नावे लिहावी लागली. नटी ग्वेनेथ पॅल्ट्रोने २००४ मध्ये मुलीला ‘ॲपल’ म्हटले. २०२० मध्ये उद्योगपती इलॉन मस्क यांनी मुलाच्या नावात चक्क आकडा घातला. कॅलिफोर्नियाच्या नियमात आकडा बसेना, म्हणून तो रोमन अक्षरांत लिहावा लागला. आइसलँडमध्ये तर नवे नाव मान्य करायचे की नाही हे ठरवणारी सरकारी समितीच आहे.

यांतील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इंग्रज गायक डेव्हिड बोवी याच्या मुलाला (जन्म १९७१) लहानपणी ‘झोई बोवी’ म्हणून जग ओळखत असे. तो मोठा झाला, आणि त्याने आपले पहिले साधे नाव उचलले : डंकन जोन्स. त्याच नावाने तो चित्रपट दिग्दर्शक म्हणून प्रसिद्ध झाला. बापाने दिलेली नवलाई मुलाने नम्रपणे परत केली. आपल्याकडे २०१६ मध्ये सैफ अली खान व करीना कपूर यांच्या बाळाचे नाव तैमूर ठेवल्यावर किती गदारोळ झाला, ते आठवावे. नावाच्या अर्थावरून वाद घालणारे मोठे, आणि ज्याच्यावर घालायचा ते पाळण्यात!

येथेच आमच्या बारशाच्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. थोरांच्या मुलाचे नाव कितीही नवे असले तरी त्याच्या मागे ओळखीचे आडनाव उभे असते. त्याला कोणी स्पेलिंग विचारीत नाही. वृत्तपत्रेच ते छापतात. आमच्या पोराला मात्र आपले नाव प्रत्येक खिडकीवर स्वतःच फोडून सांगावे लागते.

स्वाभिमानाचे नाव

याचा अर्थ आपल्या लोकांनी नवी नावे ठेवू नयेत, असा मुळीच नव्हे. ज्यांना गावाने शतकानुशतके ‘अरे रामा’, ‘ए नाम्या’ म्हणून हाकारले, त्यांनी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या मुलांना सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा अशी नावे दिली. त्या काळी ती गावात जगावेगळीच वाटली. हाक मारणाऱ्याच्या जिभेला ‘सिद्धार्थ’चा ‘सिद्ध्या’ करायला अवघड जावे, हाही त्यातला एक हेतू असावा. हे नाव म्हणजे दागिना नव्हता. तो सन्मान होता.

भालकी तालुक्यातील वरवट्टी येथे १९४२ मध्ये जन्मलेले मल्लिकार्जुन खर्गे यांचे नाव शैव परंपरेचे. त्यांच्या मुलांत राहुल आणि प्रियांक ही नावे आहेत. एका पिढीत नावांची दिशा कशी बदलते, हे यावरून दिसते. प्रियांक ज्या चित्तापूरचे प्रतिनिधित्व करतात, त्याच तालुक्यात सन्नतीजवळ कनगनहळ्ळी आहे. १९९० च्या दशकात तेथे झालेल्या उत्खननात राजाची एक प्रतिमा सापडली आणि तीवर ब्राह्मीत कोरलेले होते, ‘रायो असोको’. सम्राटाने स्वतः आपल्या लेखांत बहुतेक ठिकाणी ‘देवांचा प्रिय प्रियदर्शी’ एवढेच लिहिले. ‘अशोक’ हे नाव १९१५ मध्ये रायचूर जिल्ह्यातील मस्कीच्या लेखात सापडले तेव्हा कोठे इतिहासकारांची खात्री पटली. म्हणजे चक्रवर्तीचे नावसुद्धा लिहून ठेवले नाही तर हरवते, आणि ते सापडले तेही आमच्याच मुलखातील दगडांवर.

दाखल्यावरचे नाव

लिहून ठेवण्याचा विषय निघालाच आहे, तर भाषेच्या मुद्द्यावर येऊ. आमच्याकडील जन्मदाखला कानडी आणि इंग्रजीत मिळतो. मराठी घरातील मुलाचे नाव देवनागरीत त्यावर कोठेच नसते. कानडी लिपीशी आमचे भांडण नाही. तिच्यात ळ आहे, ण आहे, सर्व काही आहे. अडचण निराळी आहे. मराठीत आपण ‘वसंत’ लिहितो आणि शेवटचा ‘त’ तोडून उच्चारतो. कानडीत तसेच लिहिले तर ‘वसंता’च्या जवळ जाणारा पूर्ण अकारान्त उच्चार होतो; मराठी उच्चार हवा असेल तर शेवटच्या अक्षराचा पाय मोडावा लागतो. मग इंग्रजी येते. कर्नाटकात ‘त’साठी ‘टी’पुढे ‘एच’ लावण्याची पद्धत, महाराष्ट्रात नुसता ‘टी’. इकडचा ‘राम’ इंग्रजीत शेवटी ‘ए’ घेऊन जातो आणि तिकडचा कारकून त्याला ‘रमा’ वाचतो!

आमच्या परिचयातील एका मुलाची हकिगत सांगण्यासारखी आहे. दहावीपर्यंत इकडे शिकून तो महाराष्ट्रात पुढील शिक्षणासाठी गेला. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारकार्डावर तिसरे. खिडकीवरील माणसाने शांतपणे विचारले, ‘‘यांपैकी तुम्ही कोण?’’ प्रतिज्ञापत्र, वकील, वर्तमानपत्रातील जाहिरात यांत पावसाळा संपला. आणि त्याचे नाव अगदी साधे, तीन पिढ्यांचे होते. नवलाचे असते तर काय झाले असते?

आता तर अधिकच जपायला हवे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, आधार अशा कामांत जन्मदाखला हाच जन्माचा मुख्य पुरावा झाला आहे. नोंदणी नावाशिवाय झाली असल्यास १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते. पुढे विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. त्यात आणखी एक फरक. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव आवश्यक केले : प्रथम मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. म्हणजे उदगीरचा मामेभाऊ आणि हळ्ळीखेडचा आतेभाऊ यांच्या नावांची घडणच आता वेगळी होणार.

म्हणून आमचे वाचकांना एवढेच सांगणे. नाव कोणाचेही ठेवा. खेळाडूचे ठेवा, नटाच्या मुलाचे ठेवा, देवाचे ठेवा. फक्त तीन गोष्टी करा. पहिली, अर्थ आधी पाहा, नंतर नव्हे. दुसरी, कानडी आणि इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून नोंदणीच्या खिडकीवर द्या, तोंडी सांगू नका. आणि दाखला हातात आला की तेथेच वाचून घ्या. तिसरी, पोराला आपले नाव देवनागरीत लिहायला घरी शिकवा. शाळा कानडी असो की इंग्रजी, ते शिकवणे आता शाळेवर सोडून चालणार नाही. सीमाभागात कित्येक घरांत मराठी आता फक्त बोलण्यापुरती उरली आहे. तिचा पहिला लिहिलेला शब्द मुलाचे स्वतःचे नाव असले, तर पुढचे शब्द आपोआप येतील.

गावसकरांनी मुलाचे नाव ठेवले तेव्हा कोणाचे ऋण मानायचे हे त्यांना ठाऊक होते. कुमारांच्या मुलाने वडिलांचे कानडी नाव लावले तेव्हा आपण कोठून आलो हे त्याला ठाऊक होते. थोरांचे घ्यायचेच असेल तर हे घ्यावे.

परवा त्या बारशाच्या घरावरून जाणे झाले. बाळ आता रांगते. ओसरीवरून आई त्याला नव्या नावाने हाक मारीत होती, शेजारची कानडी बाई त्याच नावाला शेवटी एक ‘अ’ जोडून बोलावीत होती, आणि पणजीबाई ‘बाळ्या, इकडं ये’ म्हणत होत्या. बाळ तिघींकडेही पाहून हसत होते. त्याला तिन्ही नावे कळत होती. आता तिन्ही लिहिताही यावीत, एवढीच आमची इच्छा.